नंबर लागेपर्यंत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत व्हिडिओ गेम बनवणाऱ्या तरुणांवर मोठा लेख होता. ही मुलं या वाटेला का जातात, याची त्यात दोन कारणं दिली आहेत. एक पैसा. दुसरं म्हणजे खेळायची सवय इतकी हाताबाहेर जाते की शेवटी तिलाच करिअर म्हणायची वेळ येते. शेजारच्या चौकटीत रमीच्या ॲपवर घरदार घालवलेल्या एका माणसाची हकीकत. वाचून झाल्यावर मी सुनेला माळ्यावरची लाल बांधणीची वही काढायला लावली. हे पत्र त्या वहीच्या भरवशावर लिहिते आहे.

आधी त्या चौकटीचं उरकून घेते. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि कुणीतरी डोकं लढवून रचलेला खेळ यांची गल्लत सरकारनेसुद्धा केलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात पैशाच्या खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्स व साधे खेळ वेगळे काढले गेले. पत्त्यांचा क्लब आणि कॅरम बनवणारा सुतार एकाच पानावर बसवायचं काही कारण नव्हतं. असो.

आता वही. १९९३ ते २००० मी ठाणे पूर्वेला, कोपरीतल्या चाळीत, आमच्या बाहेरच्या खोलीत व्हिडिओ गेम चालवत होते. तासाला चार रुपये, पाव तासाला एक. वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात आमचे हे टर्नर होते, तो ९२ च्या दिवाळीनंतर बंद पडला. हातात आलेल्या पैशांतून रिक्षा घ्यायची की पिठाची गिरणी टाकायची यावर महिनाभर घोळ चालला होता, आणि एका संध्याकाळी हे लॅमिंग्टन रोडवरून एक डबा घेऊन आले. टीव्हीच्या ॲन्टेनाच्या भोकात वायर खुपसायची, चॅनेल जुळवायचं आणि पिवळी कॅसेट वर दाबायची. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाने चार रुपये हातावर ठेवले, तेव्हा बोलले.

वहीत नाव, खोली नंबर, कधी बसला, कधी उठला आणि पैसे, असे रकाने आहेत. दोनशेच्या वर नावं निघाली. मुलींची चारच, आणि त्यांतली एक आमचीच लेक, तिच्याकडून पैसे घेत नव्हते. (दुपारी गिऱ्हाईक नसताना ती बसायची. मारिओमध्ये तिच्याइतकी पुढे चाळीतलं एकही पोरगं गेलं नाही, पण ही गोष्ट तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती.)

खोलीत टीव्ही एक, रिमोट दोन आणि पोरं दहा-बारा. म्हणजे कुठल्याही घडीला दोघे खेळताहेत आणि बाकीचे नंबरासाठी ताटकळताहेत. तुमच्या लेखकांनी फक्त त्या दोघांकडे पाहिलंय. मला ती चैन नव्हती. खेळणारे दोघे जगाला विसरलेले असायचे. पाणी लागायचं ते बाकीच्यांना, मोरीत जायचं असायचं त्यांना, मारामाऱ्या करायच्या त्यांनी. त्यामुळे सात वर्षं माझं लक्ष राहिलं ते नंबर न लागलेल्या मुलांवर. आणि माझं म्हणणं असं आहे की खेळ बनवायची खाज सुटते ती तिथे.

सगळ्यात सराईत खेळणारा मुलगा होता तो काँट्रा हा गोळीबाराचा खेळ एका जिवावर संपवायचा. पोरं त्याच्या मागे उभी राहून श्वास रोखायची. पण हा खेळ असाच का आहे, असा प्रश्न त्याला कधी पडलेला मी पाहिला नाही. पडायचं कारणही नव्हतं, खेळ त्याला वश होता. आता त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि ते उत्तम चालतं.

दुसरा एक होता, त्याला मी वहीवाला म्हणायचे. शनिवारी त्याच्याकडे एकच रुपया असायचा. पंधरा मिनिटांच्या खेळासाठी तो दोन-दोन तास उंबऱ्यावर बसायचा, मांडीवर गणिताची चौकटीची वही. सुरुवातीला टीव्हीवर दिसेल ते चौकटी भरून उतरवायचा. एक दिवस मला म्हणाला, "काकू, मारिओतला ढग आणि खालचं झुडूप एकच आहे बघा. नुसता रंग बदललाय."

मी रोज सकाळी ती काच पुसायचे. मला कधी दिसलं नव्हतं. तुम्हीही बघा, खरं आहे. तो सबंध खेळ ४० किलोबाइटचा. आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गुलाबाच्या फुलासकट जो सुप्रभात येतो, तो याच्यापेक्षा मोठा असतो. जागा नव्हती म्हणून करणाऱ्याने एकच चित्र वर पांढरं लावलं आणि खाली हिरवं. दहा वर्षांच्या पोराला हे तंत्र माहीत नव्हतं, पण कुणीतरी बसून हे केलंय, त्याची कुठेतरी अडचण झालीय आणि त्याने वेळ मारून नेलीय, एवढं त्याला उंबऱ्यावरून दिसलं. त्या दिवसापासून तो उतरवायचा थांबला आणि टीव्हीत नसलेलं काढायला लागला. आमच्या चाळीचा जिना, खालची पाण्याची टाकी, टाकीच्या कडेला बसणारी मांजर. मांजरीला स्पर्श झाला की एक जीव गेला.

मग एका मे महिन्यात भर संध्याकाळी दिवे गेले. खोलीत अकरा पोरं, पैसे भरलेली दोघं रडकुंडीला आलेली. मी मेणबत्ती लावली आणि पैसे परत देते म्हटलं, तर वहीवाला म्हणाला, थांबा. आमच्या खोलीला शहाबादी फरशी होती, दोन-दोन फुटांची. त्याने माझ्या लेकीचा खडू घेऊन फरश्यांवर फुल्या मारल्या, काहींत खड्डे काढले, पाटावर उशी ठेवून डोंगर केला. सगळ्यांत लहान पोराला मारिओ केलं. दुसरं एक पोरगं रिमोट झालं. रिमोटने "पुढे, पुढे, उडी!" म्हणायचं आणि मारिओने तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं वापरायचं नाही. लहानगा तिसऱ्याच फरशीवर मरत होता, पुनःपुन्हा. चौथ्या वेळी त्याचा ओठ थरथरायला लागला. वहीवाल्याने वाकून एक खड्डा पायाने पुसला आणि एक फुली पुढच्या फरशीवर सरकवली. एवढंच केलं. पाचव्या वेळी लहानगा डोंगरावर पोचला आणि चाळ दणाणली. दिवे आल्यावरसुद्धा अर्धा तास कुणी टीव्ही लावू दिला नाही.

तो पुसलेला खड्डा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पुढे कधीतरी वहीवाल्यानेच मला सांगितलं की काँट्रामध्ये तीस जीव मिळायचा जो मंत्र पोरं घोकायची, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं, त्याचा उगमही असाच आहे. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये ग्रॅडियस नावाचा खेळ घरच्या मशीनसाठी तयार करत होते. तपासायला बसले तर आपणच केलेला खेळ आपल्याला संपवता येईना. म्हणून त्यांनी स्वतःपुरती एक चोरवाट ठेवली. ती काढायची राहून गेली आणि जगभरच्या पोरांना तोंडपाठ झाली.

माझ्या आजीच्या घरी चल्लस-आठचा पट कोळशाने जमिनीवर काढत आणि कवड्या हरवल्या की चिंचोके फोडून घेत. घर बदललं की नियम बदलायचे. आमच्याकडे दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नसे, मामाकडे येत असे. ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगितला जाणारा मोक्षपटसुद्धा कुणीतरी चौकटी आखून, कुठे साप आणि कुठे शिडी हे ठरवतच केला असणार. साप जास्त ठेवले, तेही विचार करूनच. तेव्हा हे वेड परदेशातून आलं, हे तुमच्या लेखातलं वाक्य मला पटलेलं नाही.

परदेशातल्या मंडळींचं म्हणाल तर तिथेही मला तीच उंबऱ्यावरची मुलं दिसतात. ऐरोलीची नात, म्हणजे लेकीची मुलगी, मला फोनवरून वाचून दाखवते आणि मी मध्ये मध्ये थांबवते. राल्फ बेअर नावाचे इंजिनिअर १९६६ च्या ऑगस्टच्या शेवटी न्यूयॉर्कला बसस्थानकाबाहेर पायरीवर वाट बघत बसले होते. तिथे त्यांना सुचलं की घरोघरी टीव्ही आहे, त्यावर दिसेल ते बघण्यापलीकडे काही करता येत नाही, तर खेळता का येऊ नये? दुसऱ्या दिवशी त्यांनी चार पानांचं टिपण लिहिलं. त्यातून १९७२ मध्ये टीव्हीला जोडायचा पहिला घरगुती खेळ बाजारात आला, मॅग्नव्हॉक्स ओडिसी. म्हणजे आमच्या डब्याचा आजोबा. तो बसस्टॉपवर जन्माला आला हे आमच्या ह्यांना कळतं तर ते फार खूश झाले असते. त्यांचंही अर्धं आयुष्य सिडकोच्या बसची वाट बघण्यात गेलं.

मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोव्हची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. १९८४ साल. त्यांच्यापुढच्या इलेक्ट्रॉनिका ६० या मशीनवर चित्र काढायची सोयच नव्हती, फक्त अक्षरं आणि चिन्हं. लाकडी ठोकळे जुळवायचा एक जुना खेळ त्यांना आवडायचा, पाच-पाच चौकोनांचे बारा आकार. तो मशीनवर आणायचा तर बारा आकार फार होत होते, म्हणून त्यांनी चार चौकोनांचे सात घेतले आणि कंस जोडून ठोकळे केले. नुसते कंस, शाळेत गणितात घालतो तसे! तो टेट्रिस. लोकलमध्ये विकायला यायचा त्या ब्रिक गेममध्ये आपण सगळ्यांनी तोच खेळलाय. खिडकीजवळची जागा मिळाली की बायका पर्समधून काढायच्या. मीही काढायचे.

जपानचे सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या उपनगरात किडे पकडायचे. शेतं आणि तळी बुजून इमारती आल्या, किडे गेले. मोठेपणी दोन गेमबॉय, म्हणजे हातात धरून खेळायची यंत्रं, तारेने जोडलेले पाहून त्यांना वाटलं की त्या तारेवरून एक किडा चालत पलीकडे जाईल. पोकेमॉन १९९६ मध्ये आला, त्याच्यावर सहा वर्षं गेली. मारिओ करणाऱ्या शिगेरू मियामोतोंना सोनोबे या गावाजवळच्या डोंगरात पोरवयात एक गुहा सापडली होती. आधी धीर झाला नाही, मग कंदील घेऊन आत गेले. त्यांच्या १९८६ च्या झेल्डा नावाच्या खेळामध्ये ती गुहा आहे. अमेरिकेतले विल क्राउदर गुहा धुंडाळणारे गृहस्थ. बायकोशी घटस्फोट झाला, मुली अधूनमधून भेटायला येणार, तेव्हा त्यांच्यासाठी त्यांनी १९७५-७६ च्या सुमाराला संगणकावर नुसत्या शब्दांची गुहा रचली. 'उत्तरेला जा' असं लिहायचं आणि मशीनने पुढे काय दिसतंय ते सांगायचं. आणि खेळ रचणारे विल राइट यांचं घर १९९१ मध्ये ओकलंडच्या वणव्यात जळालं. संसार नव्याने उभा करताना एकेक वस्तू का लागते याचा विचार करता करता त्यांना द सिम्स या घरसंसाराच्या खेळाची कल्पना सुचली. तो खेळ आला २००० मध्ये.

नात म्हणाली, "आजी, सगळ्यांचं काहीतरी हरवलंय किंवा मिळालेलं नाहीये." मी तिला म्हटलं, हे तू म्हणालीस, मी पत्रात घालते.

आता एक तक्रार. माझ्या पुतण्याच्या मुलाने स्टेशनजवळच्या एका क्लासात गेम डेव्हलपमेंटसाठी दीड लाख रुपये भरले. तुमच्या पुरवणीत शेवटच्या पानावर असतात तशाच जाहिरातीवरून. तिथे त्यांना धावण्याचा एक तयार खेळ उतरवून दिला आणि आतली चित्रं बदलायला सांगितली. याने उंदीरमामा आणि मोदक घातले. बॅचमध्ये बावीस मुलं, बावीस खेळ, आणि सगळ्यांचा रस्ता एकच, सरळ. याने विचारलं, सर, रस्ता वळवला तर? सर म्हणाले, सिलॅबसमध्ये नाही. पोरगा आता मोबाइल कव्हर विकतो आणि गेमचं नाव काढलं की विषय बदलतो. आपल्या लेखकांनी एखाद्या दुपारी अशा वर्गात मागच्या बाकावर बसून यावं. पैशाच्या आशेने आलेली मुलं तिथे नक्की भेटतील, तेवढं त्यांचं बरोबर आहे. ती खेळ बनवतील की नाही, हा मुद्दा वेगळा.

त्याच वेळी ऐरोलीची नात, वय अकरा, स्क्रॅचवर खेळ करते आहे. ते फुकट आहे, रंगीत ठोकळे एकमेकांना अडकवायचे. गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल खाडीवर फ्लेमिंगो बघायला गेली होती. तिथली बोट भरतीच्या पाण्यावर सुटते. बाई लवकर पोचल्या, पाणी उशिरा. दीड तास सगळी मुलं कठड्याला टेकून चिखल बघत बसली. (मुद्दाम जुळवून सांगते असं वाटेल, पण तिच्या आईला विचारा.) चिखलात प्लास्टिकच्या पिशव्या आणि त्यांतून वाट काढत चोची खुपसणारे पक्षी. तिच्या खेळात आपण फ्लेमिंगो असतो. पाय उचलायचे, पिशवीत अडकवायचे नाहीत, आणि भरतीचं पाणी येतं तसा चिखल कमी कमी होत जातो. मी खेळले, तीनदा अडकले. ती माझ्याकडे बघत होती, पडद्याकडे नाही. मग म्हणाली, "थांब, तुझ्यासाठी पाणी हळू करते." मला त्या पुसलेल्या खड्ड्याची आठवण झाली, पण तिला ती गोष्ट तेव्हा सांगितली नाही, तिचं काम चालू होतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० मध्ये राजी नावाचा खेळ काढला, भावाला शोधायला निघालेल्या मुलीचा. आपल्या पुरवणीत तो आल्याचं मला आठवत नाही; आला असेल तर माफी मागते.

वहीवाल्याचं विचाराल तर तो काही मोठा गेम डिझायनर वगैरे झाला नाही. बेलापूरला एका बँकेच्या संगणक विभागात आहे, दोन मुलं आहेत, केस गेले. दर दिवाळीला फराळाला येतो. रात्री जेवणं झाल्यावर गोडो नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनावर एक खेळ करत बसतो. सहा वर्षं झाली, दोनदा मोडून पहिल्यापासून केला, अजून अपुराच आहे. चाळ, दिवे गेलेले, हातात एक मेणबत्ती, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचंय. दार वाजवलं तर आतून आवाज येतात, कुणी काडेपेटी देतं, कुणी ओरडतं. मला वाटायचं की त्या मे महिन्यातल्या संध्याकाळवरून त्याने हे घेतलं. तसं विचारलं तर म्हणाला, नाही काकू, ती संध्याकाळ मला नीट आठवतसुद्धा नाही. चाळ पाडली ना २०११ मध्ये, तेव्हापासून डोक्यात आहे.

त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये मी अकराव्या मजल्यावर राहते आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. मी घाबरले, इतक्या उशिरा कोण करतं. म्हणाला, "काकू, तुमच्या बाहेरच्या खोलीचं दार आत उघडायचं की बाहेर?" मी आडवी पडले होते, उठून बसले. हाताने हवेत उघडून बघितलं. आत, म्हटलं, आणि मागे चपलांचा ढीग अडायचा म्हणून पूर्ण उघडायचं नाही कधी. "हां, चपला," म्हणाला आणि फोन ठेवला.

पैसा आणि व्यसन यांत हा फोन कुठे बसवायचा ते आपल्या लेखकांनी सांगावं.

एक विनंती करून थांबते. आपल्या मुलांच्या पानावर दर आठवड्याला नव्या खेळांची यादी येते, कुठला किती गिगाबाइटचा आणि कितीला. ती एक आठवडा गाळा. त्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी छापा, गणिताच्या वहीसारख्या, आणि खाली एवढंच लिहा की इथे एक रस्ता काढा, एक अडचण ठेवा आणि घरातल्या कुणालातरी बोट फिरवून खेळायला लावा. कोपरीतल्या आमच्या टॉवरच्या वॉचमनची दोन मुलं आहेत, त्यांना मी माझा अंक देईन. चौकटी जरा मोठ्या ठेवा, त्यांच्याकडच्या पेन्सिली बोथट असतात.

आपली,
एक जुनी वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

ता. क. : नाव छापू नये. सात वर्षं तो धंदा केला, त्याचं लायसन कधी काढलं नव्हतं.